पान, धूर आणि पेशीचे दप्तर

चैत्र सरून वैशाखाचे ऊन तापू लागले म्हणजे छत्तीसगडच्या रानांत तेंदूच्या झुडुपांना कोवळी पालवी फुटते. मराठी मुलखात याच झाडाला टेंभुर्णी म्हणतात. भल्या पहाटे रानात शिरलेली बायामाणसे ऊन चढण्यापूर्वी पाने खुडून आणतात, घरच्या सावलीत बसून पन्नास-पन्नास पानांचे पुडे बांधतात आणि तिसऱ्या प्रहरी गावच्या फडावर नेऊन मोजून देतात. असे एक हजार पुडे म्हणजे एक मानक बोरा, अर्थात ५०,००० पाने. राज्याचे वर्षाचे उद्दिष्ट सोळा लाख बोऱ्यांच्या घरात असते, आणि बारा लाखांहून अधिक कुटुंबांच्या हाती ऐन उन्हाळ्यात जी रोकड पडते ती या पानांची. व्यवहाराची सूत्रे रायपुरातून, राज्याच्या लघुवनोपज संघाच्या कचेरीतून हलतात. २०२४ साली बोऱ्याचा दर ४,००० रुपयांवरून ५,५०० रुपयांवर गेला, तेव्हा रानावनांतल्या वस्त्यांत आनंद झाला असेल तर त्यात नवल नाही.

या पानाचा आणि मराठी मुलखाचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकात बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले, आणि छत्तीसगड नागपूरकरांच्या अमलाखाली नांदू लागला. पुढे इंग्रजी अमदानीत, आणि स्वातंत्र्यानंतरही १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत, रायपूरचा कारभार नागपूरच्या राजधानीतूनच चालत असे. १८८० नंतरच्या दशकात नागपूरहून छत्तीसगडाकडे लोहमार्ग गेला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी मध्य प्रांतात विड्यांचा धंदा उभा केला. गोंदिया, भंडारा, कामठी येथे तो फोफावला. पुढे सिन्नर, संगमनेर, सोलापूर येथे विड्या वळणाऱ्यांची मोठी वस्ती झाली. विड्यांचा कारखाना म्हणजे काही यंत्रांचा खडखडाट नव्हे. बाईच्या मांडीवरचे सूप, त्यात कापलेली पाने, चिमूटभर जर्दा आणि सुताची गुंडी, एवढाच त्याचा पसारा. १९६४ साली मध्य प्रदेशाने तेंदूपानांचा व्यापार कायद्याने आपल्या हाती घेतला. १९६६ साली विडी कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले तेव्हा हा वारसाही त्याच्या वाट्यास आला.

विडीची कीर्ती मात्र प्रारंभापासून मवाळ राहिली. सिगारेट परदेशी, कागदात गुंडाळलेली, म्हणून ती घातक; विडी आपल्या रानातल्या पानाची, तीत तंबाखूही थोडी, सिगारेटच्या पाव हिश्श्याच्या आसपास, म्हणून ती निरुपद्रवी, अशी समजूत सुशिक्षितांतही रूढ होती. ही समजूत मुळातच चुकीची. सिगारेटच्या कागदातून हवा खेळते. तेंदूच्या पानातून ती फारशी खेळत नाही. पान नीट जळत नाही आणि विडी वारंवार विझू पाहते. ती पेटती ठेवायची तर लवकर लवकर आणि खोल झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे तंबाखू थोडी असली तरी डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड हे सारे फुप्फुसात भरपूर जाते. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत सुमती भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विडीच्या धुराचे रासायनिक पृथक्करण केले, तेव्हा गरिबाच्या या सोबतिणीचे खरे रूप प्रयोगशाळेच्या बाटलीत उतरले. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूम्रपानावरील आपल्या ग्रंथात विडीचाही समावेश केला आणि वादाला जागा उरली नाही.

तथापि धूर घातक आहे एवढे म्हणण्याने इतिहास पूर्ण होत नाही. छातीत गेलेला धूर पेशीच्या आत नेमके काय करतो, या प्रश्नाच्या उत्तरास शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांची कथा जनुकांच्या केवळ मोडतोडीची नाही. जनुकांवर चालणारी हुकमत कशी ढळते, हा तिचा खरा गाभा आहे.

१९१२ साली आयझॅक ॲडलर या न्यूयॉर्कच्या वैद्याने फुप्फुसाच्या कर्करोगावर एक ग्रंथ लिहिला. जगभरच्या वैद्यकीय लेखनातून त्याला या रोगाचे अवघे ३७४ रुग्ण गोळा करता आले. इतक्या विरळ रोगावर ग्रंथ लिहावा काय, असा संकोच त्याला वाटला होता. पुढच्या चाळीस वर्षांत तो संकोच हास्यास्पद ठरला. १९५० साली अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनी, आणि त्याच वर्षी इंग्लंडात रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी, रुग्णांच्या सवयींची काटेकोर चौकशी करून धूम्रपानाकडे बोट दाखविले. डॉल यांनी लंडनच्या २० रुग्णालयांत पाहणी सुरू केली तेव्हा त्यांचा संशय मोटारींच्या धुरावर आणि डांबरी रस्त्यांवर होता. आकडे हाती आले आणि त्यांनी स्वतःची सिगारेट बंद केली.

हिंदुस्थानात याच सुमारास वसंत रामजी खानोलकर यांचे काम चालू होते. १८९५ साली जन्मलेले हे गोमंतकीय घराण्यातले विकृतिशास्त्रज्ञ लंडनला शिकले, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले तेव्हा तेथील प्रयोगशाळा त्यांच्या हाती आली. खानोलकरांची दृष्टी अशी की कर्करोग कोठे होतो हे माणसाच्या चालीरीतींवरून ठरते. काश्मिरात पोटाशी कांगडी धरणाऱ्याच्या पोटावर, धोतराचा काच सतत बसणाऱ्याच्या कमरेवर, आंध्र किनाऱ्यावर जळते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्या बायांच्या टाळूवर. १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तंबाखू चघळणाऱ्यांना तोंडाचा आणि धूम्रपान करणाऱ्यांना घसा व अन्ननलिका यांचा कर्करोग अधिक होतो, असा निर्वाळा त्यात होता. धूर ज्या वाटेने जातो त्या वाटेवर खुणा सोडतो, हे येथे सिद्ध झाले. फुप्फुसाचा कर्करोग मात्र भारतात विरळाच, असे त्यानंतरही पुष्कळ वर्षे मानले जाई. याचे एक कारण क्षयाचे होते. खोकला, ताप, रक्त पडणे, वजन घटणे ही लक्षणे दोहोंना समान. आणि क्षयाच्या देशात छातीवरचा डाग क्षयाच्या खाती जमा होणे साहजिकच होते.

खानोलकरांच्या हाताखाली एक तरुण मराठी विदुषी काम करीत होती. कमल समर्थ, विवाहानंतरच्या कमल रणदिवे. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने वैद्यक शिकावे ही त्यांची इच्छा. मुलीने वनस्पतिशास्त्र पत्करले आणि सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर प्रबंध लिहिला. सीताफळाकडून कर्करोगाकडे ही वाट वाकडी वाटेल. वस्तुतः ती सरळ होती, कारण दोन्हीकडे वस्तू एकच, पेशीच्या गाभ्यातली गुणसूत्रे. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्या बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात मानवी पेशी जगविण्याची विद्या तेथे विकसित होत होती. ती विद्या रणदिवे यांनी मुंबईस आणली. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. उंदरांच्या वंशावळी राखून स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. त्या प्रश्नात पुढचे सारे बीजरूपाने होते. संप्रेरक जनुकाला तोडत नाही. ते जनुकाला आज्ञा देते. आणि तरीही रोगाचे पारडे झुकविते.

त्या काळी पेशीविज्ञानापुढे जे कोडे होते ते असे. १९१५ साली जपानात यामागिवा आणि इचिकावा यांनी सशाच्या कानाला महिनोन्‌महिने डांबर चोपडून कर्करोग निर्माण केला. १९३३ साली लंडनच्या रसायनज्ञांनी त्या डांबरातून बेन्झपायरीन हे द्रव्य वेगळे काढले. तंबाखूच्या धुरातही ते आहेच. जर्मन जीवशास्त्रज्ञ बोव्हेरी याने तर १९१४ सालीच लिहून ठेवले होते की अर्बुदाचे मूळ बिघडलेल्या गुणसूत्रांत असावे, आणि वाढीला आवर घालणारे काही घटक त्यांत असावेत. कारण ठाऊक, परिणाम ठाऊक. मधली साखळी तेवढी अंधारात.

उजेड पडला तो अनपेक्षित बाजूने. १९६१ साली पॅरिसमध्ये जेकब आणि मोनो यांनी आतड्यातल्या एका साध्या जंतूचा अभ्यास करून दाखविले की दुधातली साखर समोर असेल तेव्हाच तो जंतू ती पचविण्याची जनुके चालू करतो, एरवी बंद ठेवतो. जनुके असतात, आणि त्या जनुकांना चालू-बंद करणारी यंत्रणाही असते. १९६५ साली या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले.

ही यंत्रणा समजून घ्यावयास पुण्याच्या पेशवे दप्तरासारखी जागा नाही. तेथे मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. दप्तर सर्वांसाठी एकच. परंतु जमाखर्च पाहणाराने जमाखर्चाचा रुमाल सोडावा, फौजेची नोंद पाहणाराने फौजेचा. मानवी शरीराचेही असेच आहे. यकृताच्या पेशीत आणि फुप्फुसाच्या पेशीत जनुके तीच, सुमारे वीस हजार. यकृत यकृत राहते आणि फुप्फुस फुप्फुस राहते ते कोणते रुमाल सुटले आणि कोणते बांधलेले राहिले यावरून. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असेल तर जनुक वाचता येत नाही, सैल झाली तर येते. काही ठिकाणी डीएनएच्या अक्षरांवर मिथिल गटाची लाखेसारखी मोहोर बसते आणि तो रुमाल बंदच राहतो. काही प्रथिने हुकूम घेऊन येतात आणि नेमका एखादा रुमाल सोडवितात. आणि रुमाल सोडून उतरविलेली नक्कल वाटेतच फाडून टाकणारे छोटे आरएनएही पेशीत असतात. त्यांच्या शोधाबद्दल २०२४ चे नोबेल पारितोषिक ॲम्ब्रोस आणि रव्हकुन यांना देण्यात आले. आता या दप्तरखान्यात धूर शिरतो.

पहिली गोष्ट घडते ती विलक्षण आहे. बेन्झपायरीन स्वतः तितकेसे दाहक नाही. परंतु परके द्रव्य आत आले याची वर्दी लागताच फुप्फुसाची पेशी ते बाहेर काढण्यासाठी एका विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, जनुक चालू करते. एरवी हा रुमाल जवळजवळ बंद असतो. विकर आपले काम इमानाने करू लागते. मात्र ते करताना त्याच्या हातून बेन्झपायरीनचे जे रूपांतर होते ते डीएनएला चिकटणारे असते. शत्रू हाकलण्यासाठी उघडलेले शस्त्रागारच शत्रूच्या हाती पडावे, तसा हा प्रकार. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेत हे जनुक रोज, वर्षानुवर्षे चालू राहते.

दुसरी गोष्ट त्या चिकटण्याच्या जागेची. १९७९ साली पी५३ नावाचे प्रथिन सापडले. पेशीच्या डीएनएला इजा झाली की हे प्रथिन अनेक जनुकांना एकाच वेळी हुकूम सोडते. विभाजन थांबवा, दुरुस्ती करा, आणि दुरुस्ती होत नसेल तर पेशीने मरण पत्करावे. दप्तरखान्याचा तो फडणवीसच. फुप्फुसाच्या कर्करोगात त्याचे जनुक फार वेळा बिघडलेले आढळते, आणि बिघाड ठराविक जागी होतो. १९९६ साली कॅलिफोर्नियात डेनिसेन्को, फायफर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या मानवी पेशींना ते दाहक द्रव्य दिले आणि ते पी५३ च्या जनुकात कोठे बसते ते पाहिले. १५७, २४८ आणि २७३ या क्रमांकांच्या जागी ते प्रामुख्याने बसले. धूम्रपान करणाऱ्यांच्या अर्बुदांत बिघाड सापडतात ते नेमके याच जागी. सवय आणि रोग यांच्यामधली हरवलेली कडी येथे हाती आली. पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट कळली. त्या जागा निवडल्या जातात त्या अशासाठी की तेथे शेजारच्या अक्षरावर मिथिल गटाची मोहोर असते. जनुकांच्या नियमनासाठी निसर्गाने केलेली खूणच विषाला बसण्याची जागा दाखवून देते. नियमन आणि मोडतोड हे दोन स्वतंत्र अध्याय आहेत असे मानणारांनी या प्रयोगाकडे अवश्य पाहावे.

तिसरी गोष्ट अधिक चोरपावलांची. पी१६ नावाचे एक जनुक पेशीच्या विभाजनाला लगाम घालते. फुप्फुसाच्या अनेक कर्करोगांत या जनुकाचे एक अक्षरही बदललेले नसते, आणि तरी ते मुके असते, कारण त्याच्या प्रारंभीच्या भागावर मिथिल गटाच्या मोहोरा नको तेथे बसलेल्या असतात. कागद शाबूत, रुमाल बंद. १९९८ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत बेलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी श्वासनलिकेच्या अस्तराच्या पायऱ्या-पायऱ्यांनी होणाऱ्या बिघाडात ही खूण शोधली. अगदी पहिल्या, केवळ पेशी दाटण्याच्या पायरीवर ती १७ टक्के ठिकाणी मिळाली. पुढच्या पायरीवर २४ टक्के. आणि जेथे कर्करोग अजून अस्तरातच दबून आहे तेथे ५० टक्के. म्हणजे अर्बुद छायाचित्रात दिसण्याच्या पुष्कळ आधी, माणूस आपल्या पायांनी कामावर जात असताना, लगामाचे जनुक गप्प होऊ लागलेले असते. त्यानंतरच्या एका छोट्या पाहणीत तर रोगाचे निदान होण्यापूर्वी तीन वर्षांपर्यंत ही खूण थुंकीत सापडली. ती अद्याप सर्वसाधारण तपासणीची पद्धत झालेली नाही; परंतु रोगाचा जन्मकाळ आपण समजतो त्याच्या किती मागे आहे, हे तीमुळे कळले.

याच्या उलटही घडते. लगाम गळून पडतात तसे चाबूक जास्त उगारले जातात. मिक हे वाढीचे हुकूम देणारे जनुक आहे. लघुपेशी प्रकारच्या, अत्यंत वेगाने पसरणाऱ्या फुप्फुस-कर्करोगात त्याच्या एकाच्या अनेक प्रती झालेल्या असतात, असे १९८३ साली दिसून आले. २००४ साली जपानी संशोधकांनी दाखविले की लेट-७ या छोट्या आरएनएचे प्रमाण ज्यांच्या अर्बुदात कमी, ते रुग्ण शस्त्रक्रियेनंतर कमी काळ जगतात. २००५ साली अमेरिकेत त्याचे कारण सापडले. रास या वाढीच्या जनुकाची नक्कल फाडण्याचे काम लेट-७ कडे असते. फाडणाराच उरला नाही तर हुकमांचा पाऊस पडावयाचा.

येथपर्यंतच्या कथेत धुराचा उगम विडी किंवा सिगारेट होता. परंतु आयुष्यात एकदाही विडी ओठांना न लावलेल्या माणसांना, विशेषतः बायकांना, हा रोग होतो, आणि भारतात अशा रुग्णांचा वाटा लहान नाही. रायपूरकरांना याची कारणे शोधावयास दूर जाण्याची गरज नाही. उरला आणि सिलतरा येथील लोखंडाच्या भट्ट्यांचा धूर शहराच्या आकाशात कैक वर्षे मिसळत आला आहे. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या यादीत सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत दिल्ली, पाटणा, ग्वाल्हेर यांच्यामागोमाग रायपूरचे नाव होते. त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ साली, बाहेरील हवेचे प्रदूषण हे कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून जाहीर झाले होते. घरात लाकूड-कोळशावर शिजणाऱ्या चुलीचा धूर वेगळाच.

अशा रुग्णांत पुष्कळदा जे सापडते त्याचे नाव ईजीएफआर. पेशीच्या बाहेरच्या अंगाला बसलेला हा ग्राहक वाढीची आज्ञा आली की ती आत पोहोचवितो, आणि त्यावरून गाभ्यातली जनुके चालू होतात. २००४ साली अमेरिकेत दोन ठिकाणी एकाच वेळी आढळले की काही रुग्णांत या ग्राहकाच्या जनुकात असा बिघाड होतो की आज्ञा आलेली नसतानाही तो आत निरोप देतच राहतो. देवडीवरचा निरोप्याच खोटे हुकूम पाठवू लागला, तर आतले कारकून तरी काय करणार? टाटा स्मारक केंद्रातील संशोधकांनी २०१३ साली ९०७ भारतीय रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत २३ टक्क्यांच्या अर्बुदात हा बिघाड होता. युरोपीय वंशाच्या रुग्णांहून हे प्रमाण अधिक आणि पूर्व आशियातल्या रुग्णांहून कमी. ज्यांच्यात तो सापडतो त्यांना गोळीच्या रूपाने घेता येणारे औषध आहे.

त्याच केंद्रातून २०२० साली आलेले काम आणखी मोलाचे. डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी असे ३५० रुग्ण घेतले. निम्म्यांना केवळ गेफिटिनिबची गोळी दिली. निम्म्यांना गोळीबरोबर जुन्या पद्धतीची रासायनिक औषधेही दिली. पहिल्या गटात रोग पुन्हा डोके वर काढीपर्यंतचा मध्यम काळ आठ महिने निघाला, दुसऱ्यात सोळा महिने. औषधांचा त्रास दुसऱ्या गटात अधिक झाला, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदविले. खानोलकरांच्या प्रयोगशाळेपासून चालत आलेल्या परंपरेने जगाच्या वैद्यकाला दिलेली ही भर आहे, आणि तिची व्हावी तेवढी वाच्यता मराठीत झालेली नाही.

मग मोहोरा काढून टाकणारी औषधे का नसावीत, असा प्रश्न सहज उभा राहतो. तीही आहेत. रक्ताच्या काही कर्करोगांत ती उपयोगी पडतात. फुप्फुसाच्या कर्करोगात त्यांचे प्रयोग झाले. थोड्या रुग्णांना चांगला गुण आला, बहुतेकांना नाही. ही औषधे निवड करीत नाहीत. पी१६ चा रुमाल सोडावयाचा तर ती दप्तरखान्यातले हवे-नको ते सारेच रुमाल ढिले करतात. एकाच रुमालाची गाठ सोडणारे बोट शास्त्राला अजून घडवावयाचे आहे.

तोवर प्रश्न राहतो तो काळाचा. रायपुरात १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्याशी जोडलेल्या आंबेडकर रुग्णालयात प्रादेशिक कर्करोग केंद्र आहे, २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे, २०१८ पासून नव्या रायपुरात कर्करोगाचे आणखी एक मोठे रुग्णालय आहे. नागपूर-मुंबईची वाट धरण्याची सक्ती पूर्वीइतकी राहिलेली नाही. तरीही रानाकाठच्या गावातला विडी ओढणारा माणूस खोकला घेऊन येतो तेव्हा पुष्कळदा क्षयाच्या औषधांवर काही महिने गेलेले असतात आणि रोग छातीबाहेर पसरलेला असतो. पी१६ ची मोहोर त्याच्या श्वासनलिकेत कधी बसली, हे कोणी पाहिलेले नसते. १ एप्रिल २०१६ पासून विडीच्या बंडलाच्याही ८५ टक्के भागावर चित्रमय इशारा छापणे बंधनकारक झाले. ज्या हातांनी पाने खुडली जातात, ज्या हातांनी त्यांची विडी वळली जाते, ते हात बहुधा अशा घरांतले असतात जेथे विडी ओढलीही जाते. दर वाढविताना आणि इशारा छापताना सरकारपुढे असतात ती पुष्कळदा एकच कुटुंबे. पानाची मजुरी बंद करा म्हणणे शहरात बसून सोपे आहे. तिच्या जागी उन्हाळ्यात दुसरी कोणती रोकड देणार, हे सांगितल्यावाचून ते म्हणण्यास अर्थ नाही.

नियमनाच्या या कथेला एक बाजू अशी आहे की तीकडे वैद्यांचे लक्ष उशिरा गेले. जनुकाचे मोडलेले अक्षर बहुधा मोडलेलेच राहते. परंतु बांधलेला रुमाल पुन्हा सुटू शकतो. २००४ साली बोस्टनमध्ये स्पायरा आणि सहकाऱ्यांनी कधीही धूम्रपान न केलेले, करीत असलेले आणि सोडलेले अशा तीन प्रकारच्या माणसांच्या श्वासनलिकेतून अस्तराच्या पेशी घेतल्या आणि त्यांत कोणती जनुके चालू आहेत ते पाहिले. धुराने अनेक जनुकांचे वर्तन बदललेले होते. सोडणाऱ्यांत, सुमारे दोन वर्षांनी, त्यांतील बहुतेक जनुके न ओढणाऱ्यांसारखी वागू लागलेली आढळली. धूर आला की चालू होणारे ते विकराचे जनुकही गप्प झालेले होते. थोडी जनुके मात्र दशके लोटली तरी पूर्वपदावर आली नव्हती, आणि माजी धूम्रपान करणाऱ्यांतही रोगाचा काही धोका का उरतो याचे उत्तर बहुधा त्यांच्यातच आहे.

त्याच वर्षी डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्या पाहणीचा पन्नास वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्या वेळी डॉल नव्वदीच्या घरात होते. सिगारेट ओढत राहणारे डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरीने दहा वर्षे आधी मेले होते. तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना ती दहाही वर्षे परत मिळाली, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा, आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना तीन.